गॅरेजात गाडी गुणाची

पूर्ण बंद पडलेल्या गाडीचं एक बरं असतं, तिच्याशी वाद घालावा लागत नाही. स्टार्टर फिरत नाही ना, मग बॅटरी बघा, केबल बघा, स्टार्टर खोला. संध्याकाळपर्यंत काहीतरी हाती लागतंच. छळ असतो तो मधूनच बंद पडणाऱ्या गाडीचा. भरल्या मालानिशी पहाटे पुलावर ती दम सोडणार, मागच्या गाड्या हॉर्न मारून मारून आईबहीण काढणार, आणि सकाळी दहाला गॅरेजच्या दारात पोचली की पहिल्या सेल्फला चालू. मेकॅनिक ॲक्सिलरेटर दाबून बघतो, कान देतो, एक चक्कर मारून येतो आणि ड्रायव्हरकडे असं बघतो की जणू काल रात्री यानेच काहीतरी केलं असणार.

आमच्या दाजींच्या ट्रकने हा खेळ एक अख्खा पावसाळा आणि वर थोडा हिवाळा चालवला. गाडी जुनी, एमएच ११ पासिंगची, मेकॅनिकल पंपाची. कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. काम ठरलेलं: वाशीच्या मार्केटमध्ये रात्री कांदा-बटाटा आणि भाजी भरायची, खाडीपूल ओलांडून मानखुर्द, चेंबूर, शीव करत दादर नाहीतर भायखळ्याला उजाडायच्या आत उतरवायची. दिवसा गर्दीच्या वेळी ट्रकला मुंबईत शिरता येत नाही, आणि भाजीवाला उशीर ऐकून घेत नाही. तेव्हा गाडी अर्धा तास उभी राहिली तर नुसता अर्धा तास जात नाही, पूर्ण खेपच हातची जाते.

मुंबईत घाट नाही, पण फ्लायओव्हर आहेत, आणि वाशीचा पूल आहे. १९९७ साली वाहतुकीला खुला झालेला तो लांबलचक पूल रिकाम्या गाडीला सपाटच वाटतो. भरलेल्या गाडीला त्याचा चढ बरोबर कळतो. दाजींची गाडी नेमकी तिथे झटके खायला लागायची. नाहीतर शीवच्या फ्लायओव्हरवर. नेहमी नाही हो! नेहमी पडली असती तर केव्हाच सापडली असती. कधी आठवडाभर काही नाही, आणि मग एका रात्रीत दोनदा.

पहिला संशय डिझेलवर गेला. ट्रकवाल्यांत तो नेहमीच पहिला जातो. गाडीने नुसतं नाक मुरडलं तरी भेसळ. पेट्रोल पंप बदलून बघितला, फरक नाही. मग मानखुर्दच्या गॅरेजवाल्याने दोन्ही फिल्टर बदलले, गाडी छान पळाली. काही दिवसांनी पुन्हा पुलावर बंद. मग फीड पंप नवा टाकला, पुन्हा छान पळाली, पुन्हा बंद. मग डिझेलचा फवारा सोडणारे नोझल खोलून झाले. प्रत्येक वेळी दाजी फोनवर आक्काला सांगायचे, "सापडलं एकदाचं," आणि प्रत्येक वेळी आक्का मला सांगायची, "सापडलं म्हणे." शेवटी शेवटी ती 'म्हणे'वर जरा जोर द्यायला लागली होती.

आता डिझेल इंजिनाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. पेट्रोल गाडीत ठिणगी पडते. डिझेलमध्ये ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा सोडला की ते आपोआप पेटतं. तो फवारा उडवायला दोनशे बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे गाडीच्या चाकातल्या हवेच्या कित्येक पट. तो दाब तयार करतो मुख्य पंप. आपल्याकडे मेकॅनिक त्याला सरसकट 'मायको पंप' म्हणतात. १९५१ साली बंगळुरात सुरू झालेल्या मायको कंपनीचं नाव २००८ साली बदलून बॉश झालं, पण गॅरेजात ते अजून कुणी मनावर घेतलेलं नाही. मुख्य पंपाला टाकीतून डिझेल आणून देतो तो फीड पंप. त्याच्या अंगावर एक मूठ असते, प्रायमर. ती हाताने दाबून डिझेल पुढे ढकलता येतं आणि लाईनमधली हवा बाहेर काढता येते.

या सगळ्या रचनेचा एकच शत्रू, हवा. डिझेल दाबलं की दबत नाही, दाब जसाच्या तसा पुढे जातो. हवा मात्र दबते. पंपाच्या नळकांड्यात बुडबुडा शिरला की आतला दट्ट्या, म्हणजे प्लंजर, आपला इमानाने वर जातो, बुडबुडा आकसतो, प्लंजर खाली येतो, बुडबुडा फुगतो. नोझल उघडतच नाही. यात एक विनोद आहे, तो मला फार आवडतो. १८९७ साली रुडॉल्फ डिझेलने आउग्सबुर्गमध्ये जे इंजिन यशस्वी चालवून दाखवलं, त्यात इंधन आत मारायला दाबलेली हवाच वापरली होती. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागायचा. पुढे १९२७ पासून बॉशचे पंप कारखान्यातून धडाधड बाहेर पडायला लागले, तेव्हा कॉम्प्रेसरचं ते धूड गेलं आणि डिझेल इंजिन ट्रकमध्ये बसवण्याजोगं झालं. ज्या हवेवर हे यंत्र जन्माला आलं, तीच आता थेंबभर जरी आत शिरली तरी त्याचा गळा धरते.

मला हे कुठून माहीत? मी काही मेकॅनिक नाही. महापालिकेच्या एका रुग्णालयात ईसीजी काढते. पण माझ्या टेबलावर रोज दाजींच्या गाडीसारखीच माणसं येतात. "रात्री छातीत धडधडतं, डोळ्यांपुढे अंधारी येते." झोपवा, इलेक्ट्रोड लावा, पट्टी काढा; पट्टी स्वच्छ. नेहमीचा ईसीजी साधारण दहा सेकंदांचा असतो. दिवसाचे सेकंद ८६,४००. त्यातल्या दहा सेकंदांत हृदय नीट वागलं म्हणून बाकीच्या वेळेची हमी कोण देणार? तरीही पट्टी स्वच्छ आली की बरोबरचे नातेवाईक पेशंटकडे बघायला लागतात, तसंच, मेकॅनिक दाजींकडे बघायचा तसं. बाईमाणूस असेल तर लगेच "टेन्शन घेते ती फार."

अशांसाठी होल्टर असतो, सतत ईसीजी टिपत राहणारं यंत्र. नॉर्मन होल्टर नावाच्या अमेरिकन माणसाने ही कल्पना काढली. सुरुवातीचं यंत्र पाठीवर घ्यायचं आणि वजन सुमारे ३८ किलो. आता ते खिशात मावतं. चोवीस तास अंगावर वागवायचं. पण यंत्राइतकीच महत्त्वाची असते बरोबर दिलेली वही. धडधडलं की वेळ लिहायची आणि तेव्हा काय करत होता ते लिहायचं: जिना चढत होतो, जेवत होतो, भांडत होतो. पेशंट ती वही लिहायला कंटाळतात. न लिहिलेल्या वहीचा होल्टर वाचताना डॉक्टर काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर दिवाळीच्या सुमारास दाजी घरी आले होते, फराळात लक्ष नव्हतं, आणि मुख्य पंपच उतरवून पूर्ण कॅलिब्रेशन करून घ्यायचं म्हणत होते. खर्च ऐकून आक्का गप्पच झाली. मी म्हटलं, "दाजी, आधी वही घाला."

"वही? गाडी बंद पडल्यावर मी धक्का मारू की लिहीत बसू?"

"तुम्ही नका लिहू. क्लीनरला लिहायला सांगा."

क्लीनर म्हणजे त्यांच्याच गावाकडचा पोरगा, दहावी झालेला, मोबाइलमध्ये सदा मान घातलेला. त्याला चलनाच्या पुस्तकाची मागची कोरी पानं दिली. रकाने मी आखून दिले: वेळ, जागा, माल किती, चढ की सपाट, कशी बंद पडली, परत चालू कशी झाली. आणि टाकीत डिझेल किती. या शेवटच्या रकान्यावर दाजी हसले. काटा कधीचा मेलेला होता. डिझेल किती आहे ते दाजी अंदाजाने सांगायचे, आणि अंदाज बरोबर असायचा, त्यामुळे काटा दुरुस्त करण्याची वेळ कधी आलीच नाही. मग पोराने एक लाकडी पट्टी तासली, तिच्यावर खुणा केल्या आणि टाकीत बुडवून बघायला लागला.

पोरगं हुशार निघालं. मी न सांगितलेलंही लिहायचं. "पाऊस." "उस्ताद शिव्या देत होते." "टाकीचं झाकण उघडलं तर फुस्स आवाज."

त्या 'फुस्स'ने आम्हाला चांगलंच फिरवलं. टाकीतून डिझेल जातं तशी त्या जागी हवा आत यायला हवी. त्यासाठी झाकणात किंवा टाकीच्या वर बारीक वाट असते. ती चिखलाने बुजली की आत निर्वात तयार होतं, फीड पंप ओढून ओढून थकतो आणि गाडी दम सोडते. झाकण उघडलं की हवा आत शिरते, आवाज येतो, गाडी चालू. लक्षणं जुळत होती, पावसाळ्याचा चिखलही जुळत होता. वाट साफ केली. दाजींनी फोन केला, "सापडलं." आक्का या वेळी 'म्हणे' न लावता बोलली. आणि पुढच्याच आठवड्यात वहीत नवी नोंद: वाशी पूल, पहाट, भरलेली. झाकण उघडलं, आवाज नाही, गाडीही चालू नाही.

म्हणजे झाकणाची वाट खरोखरच बुजलेली होती, पण तो दोष वेगळा, हा वेगळा. जुन्या गाडीत एकाच वेळी एकच दोष असेल असं कुणी लिहून दिलेलं नसतं.

ती वही घेऊन दाजी कुर्ल्याला गेले. सीएसटी रोडच्या बाजूला एका गल्लीत एक जुने पंपवाले चाचा आहेत. मीही गेले, सुट्टी होती आणि खरं सांगायचं तर उत्सुकता आवरत नव्हती. बाहेर सगळी कुर्ल्याची काळी तेलकट चिकचिक आणि आत त्यांची पंप रूम, काचेच्या दाराआड, आमच्या ऑपरेशन थिएटरच्या बाहेर असते तेवढी स्वच्छ. चपला बाहेर. का, तर पंपाचा प्लंजर आणि त्याचं नळकांडं यांच्यामधली फट असते दोन-तीन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे दोन-तीन हजारांश. माणसाचा केस सत्तरच्या आसपास. धुळीचा एक कण तिथे डोंगरच झाला. टेस्ट बेंचवर पंप फिरत होता आणि समोर ओळीने लावलेल्या काचेच्या नळ्यांत प्रत्येक सिलिंडरच्या वाट्याचं तेल पडत होतं. सगळ्या नळ्यांत पातळी सारखी आली पाहिजे.

चाचांनी पंप उतरवायची घाई केली नाही. आधी विचारलं, "बंद कैसे पडती है? चाबी घुमाई वैसे एकदम, कि मरते-मरते?"

"मरते-मरते," दाजी म्हणाले.

मग, "चालू करने को प्रायमर मारना पडता है, कि थोडी देर खडी रखो तो अपने आप?"

पोराने वही पुढे केली. प्रायमर मारावा लागतो. एअर काढावी लागते. प्रत्येक वेळी.

या दोन प्रश्नांत त्या माणसाने अर्धी गाडी बाजूला सारली, हे मला नंतर उलगडलं. एकदम बंद पडली असती तर इंधन तोडणाऱ्या वस्तूवर संशय गेला असता: थांबवण्याची केबल, कुठे सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारी झडप, असेल तर त्याची वायर. टाकीतला कचरा डिझेल ओढणाऱ्या पाईपच्या, म्हणजे सक्शनच्या तोंडाशी ओढला जाऊन अडकत असता, तर इंजिन बंद होताच ओढ थांबून तो खाली पडला असता आणि थोड्या वेळाने गाडी आपोआप चालू झाली असती. प्रायमर मारून हवाच काढावी लागते, याचा अर्थ हवा आत येते. आता कुठून?

इथे एक गोष्ट फार फसवी आहे. फीड पंपाच्या पुढची लाईन दाबाखाली असते. तिथे गळती असेल तर डिझेल बाहेर ठिबकतं, दिसतं, वास येतो. मागची लाईन, टाकीपासून फीड पंपापर्यंतची, ओढीखाली असते. तिथे भोक असेल तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं ठणठणीत. म्हणून गॅरेजवाला फडक्याने पुसून पुसून बघायचा आणि म्हणायचा, कुठेच लीक नाही.

चाचांनी वही पहिल्या पानापासून वाचली. चष्मा वर केला, खाली केला. मग बोट टाकीच्या रकान्यावर फिरवत नेलं. जिथे जिथे गाडी बंद पडली होती तिथे तिथे पट्टीवरची खूण अर्ध्याच्या खाली होती. एकही अपवाद नाही. आणि माल भरलेला, आणि चढ.

"और टंकी फुल कब करते हो?"

दाजी रोज खेपेपुरतं डिझेल टाकायचे. हातात रोख जेवढी येईल तेवढं. फुल फक्त गॅरेजातून गाडी बाहेर काढली की. नवीन काम झालं, आता काळजी नाही म्हणून सरळ पंपावर जाऊन टाकी भरायची, ही त्यांची जुनी पद्धत. चाचा हसले. मला कळायला क्षणभर लागला, दाजींना त्याहून थोडा जास्त. फिल्टर बदलला, टाकी फुल. फीड पंप बदलला, टाकी फुल. नोझल केले, टाकी फुल. झाकणाची वाट साफ केली, तेव्हाही टाकी फुल. गाडी बरी होत होती ती भरलेल्या टाकीने, आणि श्रेय जात होतं नव्या पार्टला. भरलेली टाकी अर्ध्यावर येईपर्यंत सगळे खूश.

"पंप में कुछ नहीं है," चाचा म्हणाले. "मैं खोलूँगा तो पैसा लूँगा, और गाडी फिर भी बंद पडेगी."

पुढचं काम त्यांनी बाहेर रस्त्यावरच केलं. फीड पंपाच्या आधी रबरी पाईपचा एक तुकडा काढून तिथे पारदर्शक नळी लावली. टाकी जवळजवळ अर्धी होती. गाडी चालू केली, रेस वाढवली. नळीतून डिझेल धावत होतं आणि त्यात मधूनमधून बारीक बुडबुडे. मग एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये डिझेल घेऊन फीड पंपाला टाकीऐवजी कॅनमधून डिझेल पाजलं. बुडबुडे बंद. म्हणजे फीड पंप, फिल्टर, मुख्य पंप सगळे निर्दोष. दोष टाकी आणि तिथून येणारा पाईप यांच्यातच. बाहेरचा पाईप तपासला, क्लिपा आवळल्या, वॉशर बदलले, पुन्हा टाकीला जोडलं. बुडबुडे हजर. राहिला टाकीच्या आत उतरणारा सक्शन पाईप.

तो बाहेर काढला तेव्हा पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. चाचांनी खालचं टोक अंगठ्याने बंद करून पाण्याच्या बादलीत बुडवला आणि वरून फुंकलं. साधारण मध्यावर, जिथे आधाराची पट्टी झाळलेली होती, तिथून बुडबुड्यांची एक रेघ वर आली. गंजाने पडलेलं टाचणीच्या टोकाएवढं भोक. शहाळ्याच्या नळीला मध्येच भोक असलं की जसं होतं, तसंच: पाणी भोकाच्या वर आहे तोवर मजेत पिता येतं, खाली गेलं की नुसती हवा. टाकी भरलेली असताना भोकातूनही डिझेलच ओढलं जायचं. पातळी खाली गेली की हवा.

मग सपाट रस्त्यावर का नाही, असं पोराने विचारलं, आणि हा प्रश्न दाजींच्या आधी त्याने विचारला याची चाचांनी नोंद घेतली असावी. फीड पंप गरजेपेक्षा जास्त डिझेल आणतो. उरलेलं रिटर्न लाईनने टाकीत परत जातं आणि थोडीफार हवा असेल तर ती त्याच्याबरोबर निघून जाते. चढाला, भरल्या मालाने, इंजिन जास्त पितं, परत जाणारं कमी होतं. त्यात टाकीतलं डिझेल चढाला मागे सरकतं आणि पाईपापाशी पातळी आणखी उतरते. फिल्टरच्या डोक्यावर साठत आलेली हवा मग एकदम पुढे जाते. अर्धी टाकी, भरलेला माल आणि चढ, हे तिघे एकत्र आल्याशिवाय गुन्हा घडत नव्हता. गॅरेजातली चाचणी नेहमी रिकाम्या गाडीची, सपाट रस्त्यावरची. तिथे तो घडलाच नसता, कितीही चकरा मारल्या तरी.

आता नव्या गाड्या कॉमन रेलच्या, म्हणजे सगळ्या नोझलना एकाच सामाईक नळीतून दाबाखालचं डिझेल देणाऱ्या. दाब दीड-दोन हजार बारपर्यंत, आणि १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस सहा, म्हणजे धुराचे नवे कडक नियम पाळणाऱ्या गाड्यांत तर सगळीकडे सेन्सर. दाब पडला की कॉम्प्युटर कोड टाकतो आणि त्या क्षणी वेग किती, लोड किती, इंजिन किती तापलेलं, हेही टिपून ठेवतो. म्हणजे वही गाडी स्वतःच लिहिते. त्याचं मला कौतुक आहे. पण 'दाब कमी' एवढं सांगणारा कोड दाब का कमी झाला ते सांगत नाही, आणि स्कॅनर लावून हाय प्रेशर पंपाचा भलामोठा आकडा ग्राहकापुढे ठेवणारे लोकही मी पाहिलेत. ड्रायव्हरला "कशी बंद पडली?" हे विचारायला स्कॅनर लागत नाही. तरी ते विचारलं जात नाही, कारण ड्रायव्हर आणि पेशंट यांचं बोलणं म्हणजे तक्रार, आणि मशिनचं बोलणं म्हणजे पुरावा, असं आपण धरून चाललोय.

पाईप चाचांनी झाळायला नकार दिला. गंजलेला पाईप एका ठिकाणी बुजवला की शेजारी फुटतो. नवा पाईप आणला, टाकी उतरवून धुतली, तळातून बरंच गंजाचं पाणी निघालं. मुंबईच्या दमट हवेत अर्धवट रिकामी टाकी रात्रभर उभी राहिली की आत पाणी सुटतंच. चाचांनी मजुरी घेतली ती फिल्टरच्या किमतीहूनही कमी. दाजींनी जास्त द्यायला बघितलं तर म्हणाले, पाईपच तर बदललाय.

काटा मात्र दाजींनी अजूनही दुरुस्त केलेला नाही. टाकी उतरवली होती तेव्हाच होऊन गेला असता, पण पट्टी चांगली आहे म्हणतात.

पट्टीवाला पोरगा आता त्यांच्याकडे नाही. चाचांच्या पंप रूममध्ये शिकायला राहिलाय, चपला बाहेर काढून. दाजी थोडे दिवस चिडले होते, आक्काने समजूत काढली. सध्या गाडीला क्लीनर हवाय. वाशीहून रात्रीची खेप, राहायची सोय मानखुर्दला. कुणाच्या ओळखीत असेल तर सांगा. पट्टी बुडवून आकडा लिहिता आला म्हणजे पुरे, बाकीचं दाजी शिकवतील.